उशिराचे दहा रुपये

काकू,

मनूचा पहिला पगार झाला. फोनच करणार होते, पण तुमच्याकडे रेंज मिळते ती मागीलदारच्या फणसाखाली. ऐन पावसात तुम्हाला छत्री धरून तिथे उभं करायचं, तर मी काय दोन मिनिटांत थांबणार आहे? म्हणून पत्र. नात वाचून दाखवील. मधलं एखादं वाक्य तिनं गाळलं, तर गाळू दे.

ऐरोलीला जाते मनू. डोंबिवली ते ठाणे, ठाण्याला गाडी बदलायची, पुढे शेअर रिक्षा. माझ्यासारखं पार मुंबईपर्यंत लोंबकळायचं नाही, एवढं तरी सुख. पगाराची चिठ्ठी हल्ली मोबाइलवर येते. ती घेऊन माझ्याशेजारी बसली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आई, हे दोनशे रुपये कसले कापलेत?"

"व्यवसाय कर."

"पण मी कुठे व्यवसाय करते?"

"नोकरी करतेस ना? तिचाच."

हिशेबाचं काही निघालं की माझी जीभ कशी सुटते, ते तुम्हाला माहीत आहे. सांगितलं तिला सगळं. १९७५ सालचा कायदा. दुष्काळात रस्ते आणि पाझर तलाव खणणाऱ्यांची मजुरी भागवायची, रोजगार हमीला पैसा हवा, म्हणून शहरातल्या कमावत्या लोकांवर हा कर बसला. घटनेतच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे, म्हणून अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. बायकांना २०२३ पासून २५,००० पगारापर्यंत माफ आहे, पण हिचा पगार त्याच्या वर. मनूनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे नोकरी असल्याचा दंडच की," म्हणाली. "आणि बाकीचे दंड?" मग बोटांवर मोजायला लागली. पास, रिक्षा, कंपनीतलं जेवण, तिथे चालतील असे कपडे, दर आठवड्याला कुणाचा तरी केक, रात्री उशीर झाला की ठाण्याहून टॅक्सी. मोजून झाल्यावर गप्प बसली. मग विचारलं, "तुला किती लागायचे गं?"

काकू, सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या. पाच रुपयांच्या टाचण्या आणल्या तरी व्हाउचर फाडलं. एकतीस मार्चच्या रात्री सव्वा रुपयाचा फरक सापडेना म्हणून अकरापर्यंत बसले, तेव्हा मनू तुमच्याच मांडीवर झोपली होती ना? आणि या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तसं एकदा आमच्या घरात हा हिशेब झाला होता. २००२ चा जून. मनू दोन महिन्यांची. कायद्यानं बाळंतपणाची रजा बाराच आठवड्यांची. ती २०१७ साली सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीनं पाळणाघराची सोय करायची असंही आलं. मनू तेव्हा पंधरा वर्षांची होती. तर रजा संपत आलेली. रात्री ह्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, उलटं केलं आणि दुधाच्या खाड्यांच्या शेजारी पेन्सिलीनं मांडलं. माझ्या हातात येणार ५,४००. मनूला सांभाळायचे म्हणून तुम्हाला द्यायचे ९००. पावडरच्या दुधाचे डबे ६००. पास आणि रिक्षा ५५०. धुण्याभांड्याची बाई ४००. पोळी-भाजी केंद्र, निवडलेली मेथी, सणाचं तयार पुरण वगैरे ७००. साड्या, चपला, ऑफिसातल्या वर्गण्या ३५०. खाली रेघ मारली. उरले एकोणीसशे. सासूबाई आतून म्हणाल्या, "एकोणीसशे रुपयांसाठी एवढंसं पोर दुसऱ्याच्या दारात?"

ह्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, तेवढं सांगते. बेरीज बरोबर होती. मीही मान हलवली. तुमच्याकडे पहिल्यांदा विचारायला आले तेव्हा तेच आकडे तुम्हाला ऐकवले. का ऐकवले? पन्नास रुपये कमी कराल असं मनात असणार, दुसरं काय. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "माझ्या घोवाक कोणी कधी इचारल्यान नाय, गिरणीत जावक तुका पडता किती ता."

तेव्हा मला त्या वाक्यातलं फक्त मालवणी कळलं होतं.

ह्यांचाही पास होता. ह्यांचाही डबा होता, आणि तो पहाटे पाचला उठून मी भरत होते. ह्यांचे शर्ट, बूट, टपरीवरचा चहा, युनियनची वर्गणी होती. मनू दिवसभर तुमच्याकडे राहायची म्हणून मी ऑफिसला जाऊ शकत होते, तसेच हेही जात होते की. मग ते नऊशे माझ्याच पगारातून का वजा झाले? निम्मे साडेचारशे ह्यांच्या नावे का पडले नाहीत? कारण ह्यांची नोकरी म्हणजे घराचा पाया आणि माझी म्हणजे वर चढवलेला मजला. मजल्याचा खर्च मजल्यानंच काढायचा. मी शिकलेली हिशेबनीस. खर्च कुठल्या खात्यावर टाकला की कोण तोट्यात दिसतो, हे मला कळायला हवं होतं. कळलं ते आत्ता, मनूच्या प्रश्नानंतर. सत्तावीस वर्षांनी.

काकांना मात्र वेगळ्या तऱ्हेनं विचारलं गेलं, नाही का? १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांचा गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली. तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही, असं काका दर जानेवारीला सांगायचे. जणू अजून एखाद दिवशी भोंगा होईल आणि ते डबा घेऊन निघतील. तुम्ही लालबागची खोली विकून डोंबिवलीला आलात. काका सोसायटीत वॉचमन झाले आणि तुम्ही पुढच्या खोलीत दोन सतरंज्या आणि पाळण्यांसाठी चार हुक लावलेत. तुमच्या सासूबाई लालबागला खाणावळ चालवायच्या हेही तुम्हीच सांगितलेलं. एका चुलीवर बावीस गिरणीवाल्यांचं जेवण, महिन्याचे पैसे महिन्याला, तेही कधी येणार, कधी बुडणार. १९७५ साली प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोपर्यंत सावकाराशिवाय त्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं. गिरणीचा नफा-तोटा छापला जायचा, पण त्या चुलीचा कुठल्याच ताळेबंदात नसायचा. सासूबाईंनी गिरणीवाले सांभाळले, तुम्ही गिरणीवाल्यांच्या जागी आलेल्या आम्हा कारकून बायकांची पोरं. तुमच्या घराण्याचा धंदाच हा, दुसऱ्यांच्या नोकऱ्या चालू ठेवायच्या.

जुलैचा पहिला दिवस आठवतो का? धो धो पाऊस. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं बाळ, वर दुपटं, त्यावर माझा रेनकोट, आणि मी स्वतः भिजून चिंब. तुम्ही मनूला घेतलंत आणि मला म्हणालात, "मागे बघू नको, गाडी चुकात." मी मागे बघितलं नाही. गाडीही चुकली नाही. पण दुपारी तीनच्या सुमाराला काय झालं ते तुम्हाला कधी बोलले नव्हते. पान्हा दाटला. ब्लाउज पुढून ओला. पदर पिनांनी घट्ट लावून मी बाथरूममध्ये गेले. एकच बाथरूम, पुरुषांचं आणि आमचं, कडी नीट बसायची नाही. एका हातानं दार ओढून धरलं आणि दुसऱ्या हातानं दूध पिळून बेसिनमध्ये टाकलं. नळ सोडून ठेवला होता, आवाज जाऊ नये म्हणून. त्याच वेळी तुम्ही मनूला वाटी-चमच्यानं पावडरचं दूध पाजत असणार. महिन्याला सहाशे रुपयांचं. ह्यांच्या कालनिर्णयात त्या सहाशेची ओळ होती, बेसिनमध्ये गेलेल्याची नव्हती.

असे सात-आठ आठवडे. मग दूध आपोआप आटलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसती मनूची टोपडी माझ्या हातात दिलीत. धुतलेली.

नंतर नंतर शरीराला नोकरीचं वेळापत्रक पाठ झालं. ते एक बाथरूम नको म्हणून पाणी कमी प्यायचं. सकाळी घरून निघताना अर्धा पेला, मग संध्याकाळी तुमच्याकडे पोचल्यावर तांब्याभर. तुम्ही दर वेळी विचारायचात, "मुंबईत पानी नाय गो गावत?" चाळिशीत मूतखडा झाला, तो त्याच सवयीचा. तेव्हाचं बिल कंपनीच्या विम्यात बसलं नाही. खुर्चीचंही तसंच. आयकराच्या नियमात फर्निचरला दर साली दहा टक्के घसारा मिळतो. माझ्याच हातानं मी तो दर मार्चला लिहायचे. खुर्ची झिजते, किंमत उतरते, मालकाला तेवढी करात सूट. त्या खुर्चीवर बसून माझी कंबर झिजली, तिच्या घसाऱ्याला कलम नाही. मालकाची गाडी, पेट्रोल, ड्रायव्हर, पाहुण्यांची जेवणं हे सगळं धंद्याचा खर्च म्हणून आधी वजा आणि उरेल त्यावर कर. पगारदाराला त्या काळी प्रवासभत्त्याचे महिना आठशे तेवढे माफ. सरसकट वजावट होती, ती २००५ मध्ये काढून घेतली, २०१८ ला परत दिली. तुमच्या नऊशे रुपयांना मात्र कधीच कुठे जागा नव्हती. मी एकदा आमच्या सीएंना विचारलंसुद्धा. ते हसले. म्हणाले, "मॅडम, तो घरगुती खर्च."

आता भांडणाचं बोलू? तुमच्या त्या नियमाचं. साडेसातला पाळणाघर बंद. पुढच्या दर पंधरा मिनिटांना दहा रुपये. दाराच्या आत खिळ्याला वही टांगलेली आणि तिच्यात तुमच्या गोल अक्षरात प्रत्येकीचं नाव. दहा रुपयांची मला किती चीड होती! ऑफिस सुटायचं सहाला, मी धावत सीएसटी गाठायची, सहा सतराची मिळाली तर ठीक. गाडी कळव्याच्या अलीकडे उभी राहिली की बाकीच्या बायका देवाचं नाव घ्यायच्या आणि मी मनातल्या मनात तुमची वही बघायची. एकदा तणतणले तुमच्यावर. रेल्वेमुळे उशीर झाला, माझा काय दोष? तुम्ही काय म्हणालात? "रेल्वेचो उशीर रेल्वेक सांग."

आणि तरीही २६ जुलै २००५.

त्या दुपारी मस्जिदला आमच्या ऑफिसकडे पाऊस म्हणावा तर साधा. पुढे वाचलं, कुलाब्याला त्या दिवशी ७३ मिलिमीटर आणि सांताक्रूझला ९४४. म्हणून तर साहेब म्हणाले, "एवढ्याशा पावसाला काय लवकर जायचंय?" चारला निघाले. शीवच्या पुढे गाडी थांबली ती थांबलीच. रुळांवर पाणी, डब्यात अंधार, मोबाइल मुके. एका कोळणीनं टोपलीतली केळी वाटली, तेवढंच पोटात. रात्रभर मला एकच दिसत होतं. घड्याळात साडेसात वाजलेत, तुम्ही वही काढली आहे आणि मनू दाराशी उभी आहे. तीन वर्षांचं पोर. पहाटे रुळांवरून चालायला लागले. कुठे कमरेएवढं पाणी, पुढे एका टेम्पोत, मग परत चालत. सत्तावीसच्या संध्याकाळी तुमच्या जिन्यात पोचले तेव्हा पायात एकच चप्पल होती.

तुम्ही दार उघडलंत. मेणबत्ती. चार पोरं राहिली होती तुमच्याकडे, सगळ्यांना स्टोव्हवर पेज करून घातलेली. मी हात पुढे केले आणि मनू तुमच्या मागे लपली. तुमच्या पदराआडून मला विचारते, "तू खंय गेल्लंस?"

तिची बोली तुमची झाली होती, हे मला माहीत होतं. 'माका व्हया' म्हणायची, सासूबाई कपाळाला हात लावायच्या. मला गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही. माझ्या मुलीनं मला पहिला जाब विचारला तो माझ्या भाषेत नव्हता.

आणि महिनाअखेरीला वही बघितली तर सव्वीस तारखेपुढे तुम्ही नुसतं 'पाऊस' लिहिलेलं. एकोणतीसला मात्र १० रु. मी दोन्ही ओळी बराच वेळ बघत होते. तुम्ही म्हणालात, "बघतंस काय, सुट्टे दी."

आता जे लिहायचं आहे ते मी चार दिवस टाळते आहे. मधे वह्या-बिया आणि कोळणी आणल्या त्या त्याचसाठी.

२००७. मनूला कांजिण्या झाल्या. शाळेतून आल्या, पण मला आदल्या संध्याकाळीच तिच्या पोटावर दोन फोड दिसले होते, काकू. दिसले होते. दुसऱ्या दिवशी बँकेचं ऑडिट होतं. घामोळं असेल, म्हणून मी तिला तुमच्याकडे सोडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या पंधरवड्यात तुम्हाला कांजिण्या निघाल्या. पोरांच्या कांजिण्या चार दिवसांत हसत जातात, पन्नाशीच्या बाईला त्या झोपवतात. तुम्ही तापानं फणफणलात, पाळणाघर तीन आठवडे बंद. मी घरी राहिले. माझी रजा शिल्लक नव्हती, ती सगळी आधीच संपली होती. शाळेचं गॅदरिंग, सासूबाईंचा मोतीबिंदू, झालंच तर माझी एक मावशी, जी ऑफिसात तोवर तीनदा वारली होती. कंपनीनं एकवीस दिवस बिनपगारी लावले.

आणि त्या महिन्याला मी तुमच्या हातात किती ठेवले? तेव्हा तुमचे १,३०० होते. मी तीस दिवसांनी भागलं, एकविसांनी गुणलं. ९१० वजा करून ३९० दिले. पाकिटावर हिशेबही लिहिला होता, तुम्हाला समजावा म्हणून. माझ्या मुलीनं दिलेला आजार, मी लपवलेला, आणि त्याचे पैसे मी तुमचे कापले. तुम्ही पाकीट उघडून बघितलंसुद्धा नाही. तांदळाच्या डब्याखाली सरकवलंत आणि मनूला विचारलंत, "काय गो, खपल्या पडल्यो?"

मी दुष्ट होते का? नव्हते. मी फक्त वरून आलेलं खाली ढकललं. साहेबांनी माझे एकवीस कापले, मी तुमचे एकवीस कापले. तुम्ही कुणाचे कापणार होतात? काकांचा चहा? तुमच्या खाली कुणी नव्हतंच. माझी नोकरी फायद्यात दिसली ती सगळी तुमच्या त्या खोलीमुळे. तुमचा दर महिना नऊशे होता म्हणून माझे एकोणीसशे उरले. तुम्ही खरंच हक्काचं मागितलं असतं, तर त्या कालनिर्णयावर रेघेखाली शून्य आलं असतं. कदाचित उणे.

तुमच्यावरही माझा एक राग आहे. ठेवलाय अजून. मनूला अकरावं सरत होतं, २०१३ चा मार्च. शाळेतून तुमच्याकडे आली आणि तिची पाळी सुरू झाली. पहिली. तुम्ही सगळं केलंत, समजावलंत, गरम पाण्याची पिशवी दिलीत, गुळाचा शिरा केलात. आणि मला सांगितलंत चार दिवसांनी. चार दिवस ती माझ्या शेजारी झोपत होती आणि मला माहीत नव्हतं. मी तुमच्यावर ओरडले, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुझां मार्च एंडिंग होतां गो."

तुम्ही तिला लहानपणापासून शिकवलंत, आईक त्रास देव नको, ती दमान येता. चांगल्यासाठी शिकवलंत. ती शिकली. अजूनही मला त्रास देत नाही. कॉलेजात काही बिनसलं होतं तेव्हा तुम्हाला फोन केला होता तिनं, मला नाही. फणसाखाली उभं राहून तासभर बोललात म्हणे. काय बोललात ते मी विचारणार नाही. विचारावंसं वाटतं.

गाडीतल्या वेळेचाही हिशेब केला परवा. दिवसाला तीन तास, वर्षाचे २८० दिवस, म्हणजे ८४० तास, म्हणजे पस्तीस अख्खे दिवसरात्र. कोरोनाची दोन वर्षं सोडली तरी पंचवीस वर्षांचे ८७५ दिवस. दोन वर्षं आणि वर पावणेपाच महिने मी लोकलमध्ये राहिले. तेवढ्यात मनू बोलायला शिकली असती, माझ्यापाशी. पण हेही खोटं लिहिणार नाही की नुसतं गेलंच. त्याच डब्यात मी भिसी लावली, भरतकाम शिकले, खळखळून हसले. पगाराच्या दिवशी माझ्या नावावर पडलेले पैसे बघून पाठ आपोआप ताठ व्हायची. सासूबाईंचा मोतीबिंदू माझ्याच पैशांनी झाला, हे त्यांनी शेवटी शेवटी चार बायकांत सांगितलंही. मनूनं परवा विचारलं, नोकरी सोडावीशी वाटली नाही का कधी? मी म्हटलं, रोज. आणि रोज सकाळी सात बावन्नची पकडावीशीही वाटायची. दोन्ही खरं.

मे महिन्यात मी निवृत्त झाले, हे तुम्हाला कळवलं होतं. ग्रॅच्युइटी आली. शेवटचा मूळ पगार गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले नोकरीची वर्षं, असा तो हिशेब असतो. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरायचे आणि दर वर्षापोटी पंधरा दिवसांचा पगार. माझे ३१,४५० आणि सत्तावीस वर्षं, झाले ४,८९,८९४. चेक पर्समध्ये घालून गाडीत बसले. डोंबिवलीला उतरेपर्यंत डोक्यात तेच गणित फिरत होतं, फक्त आकडे बदलले होते. मनू तुमच्याकडे जुलै २००२ ते जून २०१३. अकरा वर्षं. शेवटचे तुमचे १,८००. गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले अकरा.

११,४२३ रुपये आठ पैसे.

कायद्यानं लागू नाही, माहीत आहे. दहा माणसं कामाला असलेल्या जागेला तो कायदा. तुमच्याकडे चौदा पोरं होती आणि कामाला तुम्ही एकट्या. आम्ही चौदा जणी तुमच्या कोण होतो, हे कधी ठरलंच नाही. मालक नव्हतो, गिऱ्हाईक म्हणावं तर तुमच्या घरची चटणीही न विचारता काढून घ्यायचो. इमारत पाडायला निघाली आणि तुम्ही गावी निघालात, तेव्हा आम्ही दुकानात साड्या बघत दोन तास घालवले आणि डोकी दीडशे रुपये काढून तुम्हाला एक साडी दिली. वर्गणीचा हिशेब मीच ठेवला होता. चाळीस रुपये उरले, त्याचे पेढे आणले. किती नीटनेटकी बाई मी!

चिडू नका. चिडणार आहातच. ते अकरा हजार चारशे तेवीस आणि कांजिण्यांचे नऊशे दहा मी वेगळ्या पाकिटात घातले आहेत. आठ पैसे आता चालत नाहीत, ते तुम्ही सोडा. व्याज लावायचा विचार केला होता, पण मग तुम्ही मला ओटीवरसुद्धा बसू दिलं नसतं. पाकिटावर हिशेब लिहिलेला नाही. तांदळाच्या डब्याखाली सरकवून टाका, मी बघणार नाही.

मनूनंही तिच्या पगारातून काहीतरी घेतलंय तुमच्यासाठी. काय ते मला सांगत नाही. 'तो आमचा विषय' म्हणते.

पुढच्या शुक्रवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडतो आहोत, दोघीच. शनिवारी सकाळी कुडाळला उतरू. स्टेशनवर यायचं नाही, तुमचे गुडघे मला माहीत आहेत. रिक्षानं येऊ. पेज ठेवा, बाकी काही करू नका. आणि पावसाळ्याचं कोकण रेल्वेचं वेळापत्रक तुम्हाला ठाऊक आहे. साडेसातनंतर आलो तर वहीत दहा रुपये मांडून ठेवा. या वेळी कुरकुर करणार नाही, सुट्टे घेऊन येते.

तुमची,
मनूची आवस